पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाला साजूक तूप वाढायचे आणि शेजारच्याला तेल, याला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच म्हणतात. आपल्या आज्या हा दोष पापाच्या जवळपास नेऊन ठेवीत. पंगतीत बसला तो आपला, आणि आपल्यांत दुजाभाव नाही, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे. परंतु सर्वांना एकच अन्न वाढले, आणि तेच एकाला बाधणारे असले, तर? त्याला वेगळे वाढणे हा पंक्तिप्रपंच, की न वाढणे हा?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो इंग्लंडमध्ये, माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. ती तेथे परिचारिका आहे. रविवारी दुपारी चहाबरोबर स्कोन भाजण्याची तेथली रीत तिने उचलली होती. लोणी, जॅम आणि घट्ट साय लावून खायचे हे छोटे, जाड, भुसभुशीत पाव घरात सर्वांच्या आवडीचे. पुढे तिच्या सात वर्षांच्या मुलीला सीलिअॅक विकार असल्याचे निदान झाले. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन असते. या विकारात ते पोटात गेले की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न अंगी लागत नाही. जगात शंभरांमागे सुमारे एकाला हा विकार असतो. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीने तो बळावला, आणि १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो मांडला. औषध आजही एकच आहे: ते अन्न जन्मभर वर्ज्य करणे.

बहिणीने नव्याने शिकायला सुरुवात केली. तांदळाचे पीठ, बटाट्याचे स्टार्च आणि चिकटपणासाठी चमचाभर इसबगोल. त्यात थंड लोणी मोहनासारखे चोळायचे, ताकात हलक्या हाताने मळायचे, आणि तांदळाचे पीठ पाणी ओढून घेईपर्यंत वीसेक मिनिटे थांबायचे. मग जाडसर थापून, वाटीने कापून, कडक तापलेल्या भट्टीत भाजायचे. पहिले काही घाणे वाळूसारखे विस्कटले. शिवाय चाळणी वेगळी, लाटणे वेगळे. भारतातून नेलेली हिंगाची डबीसुद्धा बाद झाली, कारण बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

सुरुवातीला ती दोन ताटे भाजत असे. एक मुलीसाठी, एक इतरांसाठी. मुलगी तक्रार करीत नसे. फक्त खाण्याआधी शेजारच्या ताटाकडे एकदा पाही. एका रविवारी बहिणीने एकच ताट भाजले. मुलीने विचारले, “तुम्ही सगळे हेच खाणार?” “हेच,” बहीण म्हणाली. मुलीने त्या दिवशी तीन स्कोन खाल्ले.

माझ्या मेहुण्यांना हे पटले नव्हते. ते पीठ महाग. आणि जग काही तिच्यासाठी बदलणार नाही, तिला वेगळेपणाची सवय व्हायलाच हवी, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे निष्ठुर नव्हते. शाळेत, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत तिला स्वतःचा डबा न्यावाच लागणार. पण बाहेर सोसावे लागणार म्हणून घरातही सोसावे, हे काही त्यातून निघत नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना नैवेद्याच्या मांसाचा प्रश्न असाच सोडवला आहे. ते मांस खाण्याची त्याला मोकळीक होती. पण आपल्या खाण्याने भावाला इजा होणार असेल तर आपण ते कधीच खाणार नाही, असे तो सांगतो. हक्क आहे म्हणून तो बजावलाच पाहिजे असे नाही.

खरी कसोटी पुढे आली. मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद ठरला, आणि बहिणीने मला विचारले, “मी घरची भाकर बदलली, ख्रिस्तसभा का बदलत नाही?”

वेदीवरील भाकर फक्त गव्हाची असावी, असा १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा नियम आहे. ग्लूटेन पूर्णपणे काढलेली होस्ती ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लूटेनची चालते, आणि तीही न सोसणाऱ्या भाविकाने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे रोमने २००३ साली कळवले. २०१७ साली त्याची पुन्हा आठवण दिली. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या बेनेडिक्टाइन भगिनींनी परिश्रमाने सुमारे ०.०१ टक्के ग्लूटेनची होस्ती तयार केली आहे.

माझे उत्तर असे होते. स्कोनची कृती आपली आहे. पाहुण्यासाठी ती बदलण्याचा आपल्याला अधिकार आहे. वेदीवरची भाकर आपल्या हाती सोपवलेली आहे. कोकणात आपले पूर्वज रोज भात आणि तांदळाची भाकरी खात. तरी त्यांनी तांदळाची होस्ती मागितली नाही. शतकांपलीकडच्या, समुद्रापलीकडच्या लोकांबरोबर एकाच पंगतीला बसायचे, तर ती खूण आपल्या सोयीने बदलता येत नाही.

पण येथेच थांबलो तर ते उत्तर कोरडे ठरेल. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या आणि १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेने सांगितले की, प्रत्येक रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो. त्या काळी प्रापंचिकांना चषक न देण्याचे समर्थन याच शिकवणीने केले गेले. आज तीच शिकवण या मुलीच्या हाती चषक देते. तिला मिळते त्यात काहीही उणे नाही.

तरीही ती रांगेत वेगळी दिसते, हे दुःख सिद्धान्ताने जात नाही. ते माणसांनीच वाटून घ्यावे लागते. भाकर बदलता येत नाही म्हणून आपल्या वागण्यावरची जबाबदारी वाढते. तेथल्या फादरांनी तिच्यासाठी वेगळा चषक ठेवला, कारण मुख्य चषकात होस्तीचा तुकडा सोडलेला असतो. आधी तिने घेतले. मग त्याच चषकातून तिच्या आईने आणि वडिलांनी. होय, मेहुण्यांनीही.

आपल्या धर्मग्रामांतही अशी मुले असतील. सणाच्या मिस्सेनंतर अंगणात केक आणि फुगे वाटले जातात, तेव्हा एखादे मूल “नको” म्हणून मागे सरकते, आणि आपण त्याला लाजाळू समजतो. त्याच्या आईला आधी विचारावे. फादरांच्या कानावर घालावे. टेबलावर तांदळाचे काहीतरी ठेवावे आणि ते आपणही घ्यावे. करिंथच्या मंडळीला पौलाने रागावून सांगितले ते हेच, की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. माझ्या मते पंक्तिप्रपंच ताटातल्या पदार्थावरून ठरत नाही. शेजारी उपाशी असताना आपण जेवू लागलो की तो होतो.