पर्दापोशी कुठवर?

२० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी कळंबहून नेरळला गेलेली आमची बरीच माणसे कामावर पोहोचलीच नाहीत. बदलापुरात लोक रुळांवर उतरले होते. कर्जतकडच्या गाड्या तासन्‌तास बंद होत्या. तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याचा आरोप होता, आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसवले गेले होते.

संध्याकाळी गावात चर्चा सुरू झाली. आज लाज वाटते, पण कबूल केले पाहिजे. आमचा पहिला प्रश्न त्या मुलींबद्दल नव्हता. ‘आरोपीचे नाव काय?’ हा होता. नाव कळले, आपल्यातला नाही हे कळले, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. तो आपल्यातला असता तर काय झाले असते, ही धास्ती खोटी नाही. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्याला ती ठाऊक असते. पण त्या निःश्वासात दोन मुली कुठेच नव्हत्या, हेही खरे.

आपल्याकडे पर्दापोशी हा सद्‌गुण मानतात. कुणाचा ऐब दिसला तर तो झाकावा, चारचौघांत उघडा करू नये. ही शिकवण चांगलीच आहे. पण ती ज्याच्या-त्याच्या खासगी चुकीपुरती आहे. जिथे दुसऱ्याचा हक्क मारला जातो तिथे प्रश्न हुकूकुल इबादचा होतो, आणि तिथे माफी देण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचाच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग लेकराच्या वतीने गप्प राहण्याचा अधिकार मोहल्ल्याला, जमातीला किंवा शाळेच्या संचालकांना कुणी दिला? मूल ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत झाकून ठेवायची नसते, राखायची असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. उद्या कुणीही उठून एखाद्या गुरुजींवर आळ घेईल. बुहतान हे मोठे पाप आहे, एका भल्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल. बरोबर. पण म्हणूनच तर नियम आधी हवेत. नियम नसले की दोनच वाटा उरतात, मौन किंवा जमाव. बदलापुरात दोन्ही दिसल्या. आधी यंत्रणा ढिम्म राहिली, मग रुळांवर हजारो लोक आले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला, आणि त्याच्यावरच्या आरोपांचा निकाल न्यायालयात लागायचा राहून गेला. जमाव निरपराध्यालाही सोडत नाही, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. लिहिलेला नियम मुलाला राखतो तसाच शिक्षकालाही राखतो.

कायद्याने हा मधला रस्ता केव्हाच आखला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याने खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघ आला. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा गुन्हा आहे, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. बदलापूरनंतर लगेच, २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती हे सारे पुन्हा बजावले गेले. (सावित्रीबाईंच्या नावाची समिती, शाळेत जाताना त्यांच्यावर शेणमाती फेकली जाई असे सांगतात. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या फातिमा शेख यांचाही रस्ता सोपा नसावा.) मदरशांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही. पॉक्सो मात्र तिथेही आहे. आणि मकतबात पालकांची बैठक घ्यायला कुठल्या कायद्याने मनाई केली आहे?

खरी अडचण कायद्याची नाही, आमच्या सहीची आहे. आमच्या भागातल्या एका शाळेत समितीच्या बैठकीचे रजिस्टर घरोघरी फिरायचे. शिपाई दारात यायचा, आम्ही न वाचता सही करायचो, बायका अंगठा द्यायच्या. ‘सुरक्षेबाबत चर्चा झाली व समाधान व्यक्त करण्यात आले’ असे वर लिहिलेले असायचे. आम्ही कुठे, कधी समाधान व्यक्त केले होते? वाडीवरचे ठाकर-कातकरी पालकही असेच समाधानी होते, कागदावर.

बदलापूरनंतर आम्ही काहीजणांनी ठरवले की सही बैठकीतच करायची. पहिल्या बैठकीला पुरुष कमी आणि आया जास्त आल्या. पुरुषांना कामावरून रजा नव्हती, असे त्यांचे म्हणणे. मुलांना आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा पत्ता शाळेकडे आहे का, बाई रजेवर असताना पहिलीचा वर्ग कोण सांभाळतो, असे प्रश्न निघाले. काहींची उत्तरे मिळाली, काहींना ‘बघू’ मिळाले. एका ज्येष्ठ चाचांना हे सारे आवडले नाही. ‘‘गुरुजींवर संशय घेता?’’ ते म्हणाले. त्यांचेही दुःख समजण्यासारखे होते. त्यांना त्याच शाळेने वाचायला शिकवले होते.

मग मागच्या रांगेतून एका आईने विचारले, ‘‘सर, ती तक्रारपेटी कुठंय?’’

‘‘माझ्या ऑफिसात.’’

‘‘आणि चावी?’’

‘‘माझ्याकडेच.’’

‘‘मग तुमच्याबद्दलच लिहायचं असलं तर?’’

सगळे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, ‘‘मग चावी कुणाकडे देऊ?’’

आता पेटी व्हरांड्यात आहे, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. चावी दोन आयांकडे असते आणि पेटी बैठकीत सर्वांसमोर उघडतात. पहिल्यांदा उघडली तेव्हा एकच चिठ्ठी निघाली, वहीच्या फाडलेल्या कागदावर, पेन्सिलीने लिहिलेली. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.