तो तास कोणाच्या खात्यावर?

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचे असते. किती वाजता, हे शास्त्राने सांगितलेले नाही. आमच्या गोव्यात रात्रभर वाड्यावाड्यांतून नरकासुर मिरवतात आणि तांबडे फुटायच्या आत त्याला जाळतात. मग उटणे, कारीट आणि पोहे. या सगळ्या व्यवहारात घड्याळाला मान आहे तो पाहुण्याचा, यजमानाचा नाही. यजमान सूर्य. तो उगवतो तेव्हा सकाळ होते, आणि कोणत्याही सरकारचा हुकूम त्याला एक पळही अलीकडे-पलीकडे करू शकत नाही.

आणि नेमक्या याच सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, युरोपात सरकारी हुकमाने घड्याळाचा काटा एक तास मागे जातो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तो एक तास पुढे ढकललेला असतो. अमेरिकेतही असेच चालते, फक्त तारखा वेगळ्या. ही प्रथा बंद करावी की चालू ठेवावी, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. वाचक म्हणतील, त्याचे आपल्याला काय? आपल्या देशात घड्याळ बाराही महिने एकच. पण म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी दहा माणसांना विचारून पाहा. एखाद्याचा तरी मुलगा, भाचा किंवा जावई पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात गेलेला निघेल. स्विंडनसारख्या गावात तर गोंयकारांची वस्तीच झाली आहे. अशा घरांत भिंतीवर एक घड्याळ असते आणि आईच्या मनात दुसरे. हिवाळ्यात साडेपाच तासांचे अंतर, उन्हाळ्यात साडेचार. फोन कधी करायचा, याचा हिशेब वर्षातून दोनदा बदलतो, आणि तो बदलणारा माणूस कधी डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा प्रश्न आपल्या ओसरीपर्यंत आलेला आहे. तो प्रश्न मला सोयीचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो.

आधी थोडा इतिहास. १९०७ साली विल्यम विलेट नावाच्या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने एक पत्रक काढले. उन्हाळ्यात सूर्य पहाटेच उगवतो आणि लोक झोपून राहतात, हा उजेड वाया जातो, असे त्याचे म्हणणे. लोकांना लवकर उठा म्हणून सांगून कोणी उठणार नाही; म्हणून घड्याळच पुढे करा! त्याच्या हयातीत कोणी ऐकले नाही. १९१५ मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी महायुद्धाने त्याचे म्हणणे खरे केले. दिवाबत्तीचा कोळसा वाचवण्यासाठी ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने घड्याळे पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटनने तेच केले. म्हणजे कल्पना उजेडाच्या प्रेमातून निघाली आणि अमलात आली ती युद्धाच्या गरजेतून.

ही कल्पना उत्तरेकडच्या देशांतच का रुजली, हे भूगोल सांगतो. दक्षिण इंग्लंडात जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरातला जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांचा आणि लहानात लहान सव्वाअकरा तासांचा. पेडण्याच्या शेतकऱ्याला ऋतू बदलल्याचे पावसाने कळते, दिवसाच्या लांबीने नव्हे. आपल्याला वाचवण्याजोगा उजेडच तेवढा नाही.

तरीही सरकारने घड्याळ बदलण्याचा अनुभव आपल्याला नाही असे नाही. १ जानेवारी १९०६ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. बंगालच्या फाळणीला तीनच महिने झालेले. लोकांची मने तापलेली. गिरणी कामगारांना वाटले, आपल्याला ३९ मिनिटे आधी कामावर ओढण्याचा हा डाव आहे. सभा झाल्या, निषेध झाले, आणि मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात आगगाडीचे घड्याळ एक आणि पालिकेचे दुसरे! पुढे दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, हिंदुस्थानातली प्रमाणवेळही एक तास पुढे नेली होती. युद्ध संपले, तास परत आला.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी. लिस्बनच्या १९११ च्या हुकमाने १ जानेवारी १९१२ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानची वेळ ग्रीनिचच्या पाच तास पुढे ठरली. म्हणजे कायद्याने पाहिले तर गोव्यात बारा वाजत तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात साडेबारा झालेले असत. गंमत अशी की म्हापशाचा सूर्य ग्रीनिचच्या चार तास पंचावन्न मिनिटे पुढे आहे. साता समुद्रांपलीकडून आलेला तो हुकूम आमच्या सूर्याच्या पाच मिनिटे जवळ होता, आणि आज आपण पाळतो ती आपल्याच देशाची वेळ त्याच सूर्यापासून पस्तीस मिनिटे लांब आहे. म्हणून ती परकी वेळ बरी होती असे का कोणी म्हणेल? मुळीच नाही. यातून एवढेच शिकायचे की वेळ सूर्याला किती जवळ आहे, हा नीतीचा प्रश्न नव्हे. ती कोणी, कोणासाठी आणि कोणाला विचारून ठरवली, हा आहे.

आता तो प्रश्न नेमका कुठे टोचतो ते सांगतो. माझा भाचा इंग्लंडात एका गोदामात रात्रपाळी करतो. रात्री दहा ते सकाळी सहा. ऑक्टोबरच्या त्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे गेले. भाच्याने पहाटेचा एक ते दोन हा तास दोनदा काम केले. सहा वाजता सुटला तेव्हा अंगावर नऊ तासांचे काम होते, आणि हिशेबात आठ. माझ्या बहिणीने फोनवर विचारले, ''मग त्या तासाचे पैसे?'' तो हसून म्हणाला, ''आई, मार्चमध्ये सातच तास भरतात ना, तेव्हाही आठांचेच देतात. वर्षाचा हिशेब सारखा.'' बहीण गप्प बसली. मी मात्र बसलो नाही. मी त्याला म्हटले, ''अरे, तू तिथे मे महिन्यात लागलास. तुझा मार्च कुठे आला?'' त्यावर थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, ''मामा, हे इथे कोणी विचारत नाही.''

कायमच्या नोकराला तो तास पुढच्या वर्षी परत मिळेल. हंगामी माणूस मेमध्ये लागतो आणि नाताळ झाला की त्याला घरी पाठवतात. त्याचा तास गेला तो गेलाच. सगळी ठिकाणे अशी नसतील. पुष्कळ मालक तो तास मोजून देतात, हेही मला माहीत आहे. पण कागदावर समान असलेला नियम माणसामाणसांवर समान पडत नाही, एवढे यातून दिसते. रविवारी उशिरा उठणाऱ्याला एक तासाची जादा झोप मिळाली; ती ज्याच्या रात्रीतून काढली, त्याचे नाव कुठल्याच खात्यावर नाही.

या प्रथेने निदान वीज तरी वाचते का? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २००६ पासून सर्वत्र घड्याळबदल सुरू झाला तेव्हा अभ्यासकांनी घरोघरच्या विजेची बिले तपासली. वापर सुमारे एक टक्का वाढलेला निघाला. दिवे कमी लागले, पण घर थंड-गरम करण्यात जास्त गेली. स्वीडनमधल्या २००८ च्या अभ्यासात मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. एक तास म्हणजे काय मोठेसे, असे आपण म्हणतो. शरीर तसे म्हणत नाही.

मग बंद करा, झाले! इतके सोपे असते तर केव्हाच झाले असते. २०१८ मध्ये युरोपीय संघाने लोकांची मते मागवली. ४६ लाख उत्तरे आली, त्यांतली ८४ टक्के बदल बंद करा म्हणणारी. २०१९ मध्ये युरोपच्या संसदेने तसा कौल दिला. पण सदस्य-देशांची सरकारे एकमत करू शकली नाहीत आणि काटा फिरतोच आहे. कारण बदल थांबवायचा तर थांबायचे कुठे, उन्हाळ्याच्या वेळेवर की हिवाळ्याच्या? ब्रिटनने १९६८ ते १९७१ बारमाही उन्हाळी वेळ ठेवून पाहिली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे हिवाळ्यात सकाळी मुले काळोखात शाळेला निघू लागली आणि प्रयोग सोडावा लागला. पोर्तुगालने १९९२ मध्ये मध्य युरोपची वेळ स्वीकारली. व्यापाराला सोयीची, पण मुले अंधारात शाळेत आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड. १९९६ मध्ये ते आपल्या जुन्या वेळेवर परत आले. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये कायमची हिवाळी. कोणाला तरी अंधारात उठावेच लागते. प्रश्न एवढाच की कोणाला.

प्रथेच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. कार्यालये, शाळा, गाड्या, दुकाने या सर्वांनी उन्हाळ्यात एक तास लवकर सुरू व्हावे असे ठरवायचे, तर हजार ठिकाणी हजार बैठका लागतील. शाळा बदलेल, बस बदलणार नाही. एक काटा फिरवला की सगळे एकदम हलते आणि कोणाची चुकामूक होत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळचा उजेड मिळतो, हेही काही थोडे नव्हे.

पण या मुद्द्यातच त्याची खोट आहे. हजार बैठका नकोत, म्हणजे हजार ठिकाणच्या माणसांना विचारायला नको. ''उद्यापासून सहाला उठा'' असे सांगितले तर माणूस का म्हणून विचारील. ''सहालाच सात म्हणा'' असे सांगितले तर विचारायला जागाच उरत नाही. आपण सीमाभागातली दोन भाषांची माणसे. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, बाजारात दोन्ही. दोन मापे सांभाळण्याचे आपल्याला भय नाही. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढचा 'बागान टाइम' चालत आला आहे, आणि मळ्यातला माणूस दोन्ही वेळा बिनचूक सांभाळतो. पण कोणते माप कुठले, हे उघड असावे लागते. शेराचे माप लहान करून त्याला शेरच म्हणणे हे कोणत्याही बाजारात खपू नये.

सर्वांची मिळून एक वेळ असणे मला मान्य आहे. किंबहुना ते एक वचन आहे. ''दहाला भेटू'' म्हणणाऱ्या दोन माणसांत तिसरा कोणी नसतो, फक्त दोघांनी मानलेला दहा असतो. त्या वचनासाठी आपण म्हापशाचा सूर्य पस्तीस मिनिटे बाजूला ठेवला, आणि त्यात काही गमावले असे मला वाटत नाही. गुजरातपासून अरुणाचलापर्यंत सूर्य जवळजवळ दोन तासांचे अंतर ठेवतो, तरी आपला दहा एकच. पण वचन वर्षातून दोनदा बदलणारे नसावे.

म्हणून माझे मत असे की हा ऋतुबदल रद्द व्हावा, आणि थांबायचे ते हिवाळ्याच्या, म्हणजे सूर्याला जवळच्या वेळेवर. संध्याकाळचा उजेड ज्यांना हवा त्यांनी कामाचे तास बदलावेत. शाळेने शाळेचे, कारखान्याने कारखान्याचे, आणि तेही पहाटे उठणाऱ्यांना विचारून. त्याला बैठका लागतील, वाद होतील, वेळ जाईल. जाऊ द्या. माणसाची झोप आणि माणसाचा घाम यांचा हिशेब करायचा, तर तो उजेडात, त्याच्यासमोर बसून केला पाहिजे; तो रविवारी पहाटे दोन वाजता, सगळे झोपलेले असताना करायचा नसतो.