मोजलेली किंमत

पालीच्या बल्लाळेश्वर देवळातली मोठी घंटा परदेशी घडणीची आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत मिळालेली ही घंटा त्यांनी गणपतीला अर्पण केली, असं सांगतात. ती ओतली परक्या हातांनी, तरी पाहणाऱ्याला अभिमान वाटतो, कारण तिच्यामागे वसईचा वेढा आणि त्यात कामी आलेली माणसं आहेत.

मला वाटतं, विकत घेतलेल्या वस्तूच्या अभिमानाचं मूळही इथेच आहे. देवळाबाहेर नवी मोटरसायकल पूजेला येते. चाकाखाली लिंबं, हँडलला झेंडूचा हार, शेजारी सगळं कुटुंब. गाडी त्यांनी घडवलेली नाही आणि तशा हजारो गाड्या रस्त्यावर धावतात. पण त्या गाडीत एसटीची वाट बघण्यात गेलेली वर्षं, ओव्हरटाइमच्या रात्री आणि मारलेल्या कितीतरी हौशी जमा असतात.

लोक प्रतिष्ठेसाठी खर्च मिरवतात, हे थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 मध्ये सविस्तर मांडलं. धनिकांच्या बाबतीत ते पटतं. पण पालीच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरच्या माणसाला तीच फूटपट्टी लावणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या वडिलांना दुकानात उधारीसाठी ताटकळावं लागलं, तो रोख पैसे मोजून वस्तू घरी आणतो तेव्हा दोन पिढ्यांचा संकोच उतरतो. त्याला दिखाऊपणा म्हणू नये.

डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेले कॉफीच्या मगांचे प्रयोग आठवतात. ज्यांना मग मिळाला, ते तो विकायला, इतर जेवढी किंमत द्यायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट मागत होते. म्हणजे जीव जडायला नुसती मालकी पुरते. अभिमानाला मात्र मागे काही सोसलेलं लागतं.

म्हणूनच हप्त्यावरच्या खरेदीची मला काळजी वाटते. तिथे मिरवणं आधी होतं, सोसणं नंतर येतं. फोनचे हप्ते फिटण्याआधीच नवं मॉडेल निघतं, जाहिरात जुन्या फोनची लाज वाटायला लावते आणि माणूस पुन्हा कर्ज काढतो. यात त्याच्या कष्टाला मान मिळायला उसंतच उरत नाही.

शेजारून नव्या वस्तूचे पेढे आले, तर 'केवढ्याला पडली?' एवढ्यावर थांबू नका. तिच्यासाठी किती वर्षं थांबलात, हेही विचारा.