माउली, फोटो काढू का?

चि. बाळास,


यंदा तू कॅमेरा घेऊन वारीला येतोयस, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. दिवे घाटाचे, रिंगणाचे, टाळकऱ्यांचे फोटो हवे तेवढे काढ. एवढ्या गर्दीत प्रत्येकाला विचारत बसणं शक्य नाही, तशी कुणाची अपेक्षाही नसते. पण त्यातून एकच चेहरा निवडून त्याच्यावर लेन्स रोखलीस, तर विचारायलाच हवं.

आणि पहाटे पाण्याच्या टँकरकडे फिरकूच नकोस. अंधार आहे तोवर आम्ही बायका तिथे आंघोळी उरकतो. आडोसा म्हणजे दोघींनी धरलेलं लुगडं. त्यामागे ओलेत्याने, दातांत पदर धरून घाईघाईने साडी नेसायची. तेवढ्यात कुणाचा मोबाइल वर आलेला दिसला, की पुढचा सगळा दिवस चालताना तो डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसरी सोय नाही म्हणून आम्ही उघड्यावर आंघोळ करतो. त्याचा अर्थ कुणीही बघावं असा होत नाही. आडोशाआड आंघोळ करणाऱ्या बाईचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे. सोबतच्या पोरांनाही सांगून ठेव.

डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र तू अभ्यासलं असशील. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. लँगबाईंनी त्या आईचं नावसुद्धा विचारलं नाही. फोटो वर्तमानपत्रात आला, सरकारने तळावर अन्न पाठवलं. तोवर ती मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळायला १९७८ उजाडावं लागलं. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं थॉम्प्सनबाई म्हणाल्या. विकणार नाही, प्रत पाठवीन, असं लँगबाईंनी आपल्याला सांगितलं होतं. प्रत कधी आलीच नाही, असंही. लँगबाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ही हकीकत मला जास्त लागते.

वारीत विचारणं अवघड नाही. कॅमेरा खाली घेऊन, नजरेला नजर देऊन ‘माउली, फोटो काढू का?’ म्हणायचं. बरेच जण टोपी सारखी करतील, हसतील. कुणी मान वळवली, हात आडवा केला, तर विषय संपला. ‘एकच काढतो’ म्हणून गळ घालू नकोस. आधीच काढला असशील तर त्यांच्यादेखत पुसून टाक. होकार मिळाला तर फोटो कुठे टाकणार तेही सांग, कारण आजीबाई तुला हो म्हणाल्या असतील, गाणं लावलेल्या रीलला नव्हे. लहान पोरांचे तर आईबापांना विचारल्याशिवाय नकोतच.

एक वही जवळ ठेव. ज्यांचे फोटो काढशील त्यांचं नाव, गाव, नंबर लिहून घे आणि दिवाळीच्या आत छापील प्रती पोचत्या कर. पोस्टाचा खर्च मी देईन.

तुझी,
आत्या