उसनी वाचा

विद्यापीठांत लागलेला शोध कोणाचा, हा प्रश्न बहुधा पेटंटाच्या कज्ज्यांतच विचारला जातो. ज्यास बोलतां येत नाहीं त्याच्या बाजूनें तो विचारला म्हणजे निराळाच होतो. 2011 च्या जनगणनेंत वाचेचें अपंगत्व असलेल्या भारतीयांची संख्या सुमारें 20 लक्ष भरली; नांदेड-लातुराकडील वाडी-तांड्यांतही तीं माणसें असणारच. पोट दुखतें एवढें कळविण्यासही त्यांतील कित्येकांना आईच्या तर्कावर विसंबावें लागतें.

मुंबईच्या आयआयटीनें अशा मुलांसाठीं ‘जेलो’ नांवाचें साधन सिद्ध केलें आहे. पडद्यावरील चित्रावर बोट ठेवलें कीं तें शब्द उच्चारतें, मराठींतही उच्चारतें. तें फुकट मिळतें, मग कारखानदार हवा कशास, असें कोणी विचारील. परंतु ज्याचें बोट ठरत नाहीं, त्याचें नुसत्या फोनानें भागत नाहीं. त्यास मजबूत बटन, टेकू आणि दुरुस्त करणारा मनुष्य लागतो. हें प्राध्यापकाच्या निबंधांतून निघत नाहीं. आमच्या वर्गास व्यापाराचा जो तिटकारा आहे, तो येथें सोडलाच पाहिजे.

मात्र कारखानदाराच्या हातीं वाचा देणें म्हणजे काय, हें स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणावरून दिसतें. त्यांचा जगप्रसिद्ध आवाज एमआयटींतील डेनिस क्लॅट यांच्या संशोधनांतून निघाला, आणि स्पीच प्लस या कंपनीच्या यंत्रांतून त्यांच्यापर्यंत पोहोचला. पुढें ती कंपनी राहिली नाहीं. यंत्रें जुनीं झालीं, आणि तीं बिघडलीं तर काय, ही चिंता उभी राहिली. दुसरा अधिक सफाईदार आवाज त्यांनीं पत्करला नाहीं. तोच आतां त्यांचा झाला होता. अभियंत्यांनीं मोठ्या खटपटीनें तो नव्या संगणकावर उतरविला, तो 2018 सालीं, त्यांच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं. हॉकिंग यांच्या पाठीशीं केंब्रिज होतें. औशाच्या किंवा मुखेडच्या मुलाच्या पाठीशीं कोण आहे?

संशोधन सार्वजनिक पैशानें होतें. म्हणून शोध हवालीं करतांना विद्यापीठानें करारांत केवळ स्वामित्वधनाची टक्केवारी लिहून भागणार नाहीं. (टक्केवारीचा मोह काय असतो, हें लातूरकरांस सांगावयास नको.) कंपनीनें माल बंद केला तर आराखडे परत यावे, दुरुस्ती जिल्ह्याच्या गांवीं व्हावी, हेंही त्यांत आलें पाहिजे, असें आमचें मत आहे. नांदेडास श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं असें यंत्र उघडून पाहिलें, तर तारेच्या एका टांक्यासाठीं कोणास मुंबई गांठावी लागणार नाहीं. दुरुस्ती हें संशोधन नव्हे, असें आमचे व्यवसायबंधु म्हणतील. नसेना. पण यंत्र पंधरा दिवस दुरुस्तीस गेलें, तर ते पंधरा दिवस त्या मुलानें काय करावें, हेंही त्यांनींच सांगावें.