कागदाची साक्षरता

गेल्या महिन्यात माझ्या आत्याला १० पैकी ४ गुण मिळाले. ती ७६ वर्षांची आहे, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते, चौथीपर्यंत शिकलेली आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात 'आरोग्य साक्षरता चाचणी' असा छापील कागद वाटला गेला, भरून घेतला गेला. मग व्यासपीठावरून सांगितलं गेलं की आपल्या ज्येष्ठांचे निम्मे हाल अज्ञानामुळे होतात. ते गोळ्या चुकवतात, गूळ चालतो म्हणून चहा गोड पितात, सांगितलेलं ऐकत नाहीत. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे तेच ज्येष्ठ होते, हे मला जास्त लागलं.

गुळाचं म्हणणं खरं आहे. मधुमेहाला साखर वर्ज्य आणि गूळ चालतो, हा समज आमच्या या उसाच्या मुलखात घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तो काढायलाच हवा. पण 'साक्षरता' हा शब्द म्हाताऱ्या माणसाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी जन्मला नव्हता. 'साठी बुद्धी नाठी' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. तेच आता शास्त्राच्या भाषेत म्हणायची सोय झाली आहे, आणि तिला मी अन्याय म्हणतो.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत. त्याला आठवण असावी, त्यानं सांगितलेलं पाळावं, धीर सोडू नये. आणि चौथा गुण ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होतंय ते वैद्याला नीट सांगता यावं. त्या दिवशीच्या व्याख्यानात या चारांतला पाळण्याचा गुण तेवढा उरला होता. सांगण्याचा गुण कुणाच्या आठवणीतही नव्हता.

मधला काळ सोडून देतो. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते आपल्याला पाठ आहे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता, हेही आपण कौतुकानं सांगतो. पण सक्तीच्या बरोबरीनं मोफत शाळा होती. निरक्षरता ही प्रजेची लाज नसून राज्याचं देणं आहे, हा विचार त्यामागे होता. १९७४ साली अमेरिकेत स्कॉट सायमंड्स यांनी 'आरोग्य साक्षरता' हा शब्द वापरला, तोही याच वळणाचा. त्यांचा विषय होता सामाजिक धोरण म्हणून आरोग्यशिक्षण, आणि मागणी होती शाळेच्या प्रत्येक इयत्तेसाठी त्याची किमान पातळी ठरवण्याची. बोट व्यवस्थेकडे होतं. त्याच सुमारास आपल्याकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांचं काम उभं राहत होतं. १९७० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात गावच्या बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, कुष्ठरोगाची भीती घालवली. अक्षर येणं आणि आरोग्य कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बायकांनी आपल्याला दाखवून दिलं.

मग घसरण कुठे झाली? सगळे १९९०च्या दशकाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, तेव्हा मोजमाप आलं आणि रुग्ण किती अडाणी आहेत ते जगाला कळलं. मला वाटतं, आपण त्या मोजमापाचा अर्थच उलटा लावला.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या दोन सरकारी रुग्णालयांत २,६५९ रुग्णांना एक चाचणी दिली गेली होती. औषध रिकाम्या पोटी घ्यायची सूचना सुमारे ४२ टक्के लोकांना समजली नाही. पुढची तारीख कोणती, ते २६ टक्क्यांना कळलं नाही. संमतिपत्राचा मजकूर सुमारे ६० टक्क्यांच्या डोक्यावरून गेला. साठी ओलांडलेल्या इंग्रजी भाषकांत तर ८० टक्क्यांहून अधिक जण या चाचणीत कमी पडले. हे आकडे पुढे जगभर फिरले, आणि त्यांच्याबरोबर 'म्हातारे समजण्यात कमी पडतात' हे वाक्यही फिरलं.

पण चाचणीत वाचायला काय दिलं होतं ते पाहा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, पुढच्या तारखेचं कार्ड, क्ष-किरण तपासणीआधीच्या सूचना, सरकारी मदतीच्या अर्जाचा मजकूर. म्हणजे दवाखान्याचे रोजचे कागद. या चाचणीत एकाच वेळी दोघांची परीक्षा झाली होती, वाचणाऱ्याची आणि कागदाची. १०० माणसांपुढे एक संमतिपत्र ठेवलं आणि त्यांतल्या ६० जणांना ते कळलं नाही, तर नापास कोण झालं? शाळेत ६० मुलं एकाच गणितात चुकली तर चांगला मास्तर आधी फळ्याकडे बघतो. इथे फळा तसाच राहिला आणि मुलांचे गुण तेवढे जगाला कळवले गेले.

त्याच सुमाराचा, १९९६चा, दुसरा एक अभ्यास फारसा कुणी आठवत नाही. त्याचा विषय लाज हा होता. वाचायला जड जातं असं कबूल करणाऱ्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश जणांनी ती गोष्ट आपल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही कधी सांगितली नव्हती. हे वाचलं तेव्हा मला ओपीडीच्या बाकावर ऐकू येणारं एक वाक्य आठवलं: "चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखवता का?" किती जणांचा चष्मा खरोखर घरी राहिलेला असतो! ज्याला आधीच लाज वाटते आहे, त्याला १० पैकी ४ गुण देऊन आपण काय साधतो?

पुढचं थोडक्यात. २००० साली डॉन नटबीम यांनी नुसतं वाचणं, संवाद साधणं आणि प्रश्न विचारणं अशा साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं निरोगी वार्धक्याची व्याख्या आजार नसण्यावर बेतली नाही. माणसाला जे मोलाचं वाटतं ते करता येणं म्हणजे निरोगी म्हातारपण, आणि ते त्याच्या अंगच्या ताकदीइतकंच भोवतालावर अवलंबून असतं, असं म्हटलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांत व्यक्तीच्या साक्षरतेशेजारी संस्थेचीही साक्षरता लिहिली गेली. म्हणजे सायमंड्सचं बोट जिथे होतं तिथे ते ४६ वर्षांनी परत आलं. आपल्याकडच्या व्याख्यानांत मात्र अजून १९९५च चालू आहे.

आता कोल्हापुरातला आमच्या घरचा कागद. आत्याच्या चिठ्ठीवर 'बीडी', 'टीडीएस', 'एसी' असं लिहिलेलं असतं. ही इंग्रजीही नव्हे, लॅटिनची आद्याक्षरं आहेत: दिवसातून दोनदा, तीनदा, जेवणाआधी. २०१६ साली नियम आला की औषधांची मूळ नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. चांगला नियम आहे. पण ती अक्षरं कितीही मोठी काढली तरी रोमनच राहतात. गोळ्यांची पट्टी मेडिकलमध्ये कापून मिळते, तेव्हा नाव किंवा मुदत कापलेल्या तुकड्यावर राहून जाते. म्हणून घरोघरी 'बीपीची बारकी', 'साखरेची लांबट', 'लघवीची' अशी नावं पडतात. कंपनी बदलली की रंग बदलतो, आकार बदलतो, आणि तेच औषध दोन नावांनी पोटात जायची वाट मोकळी होते. आत्या मला म्हणाली, "मला वाचाय येतंय की रे. पण ह्यात मराठी कुठं हाय?"

शाहू महाराजांच्या शाळांची परंपरा असलेल्या गावातली ही बाई. तिच्यासाठी अक्षराची सोय करायला राज्य पुढे आलं होतं. त्या अक्षरात चिठ्ठी लिहायला मात्र कुणी पुढे आलेलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. तारखांच्या चौकोनांत दुधाचे लिटर, गॅस लावल्याची तारीख, कुणाचं बारसं, आणि गेल्या दोन वर्षांपासून ब्लडप्रेशरचे आकडेही. मागच्या पावसाळ्यात तिला सारखी चक्कर यायची. तपासायला नेलं तेव्हा मी फाईल घेतली, तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीत घातलं. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, काही सापडेना. मग तिनं कालनिर्णय उलगडून टेबलावर ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं: ११ तारखेला 'नवी गुलाबी गोळी', १३ तारखेला 'चक्कर', १४ला 'चक्कर, पडता पडता वाचले', आणि शेजारी वरचा आकडा १०० च्या खाली. डॉक्टरांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या मागितल्या. नावं वेगळी होती, औषध एकच होतं. त्यांनी गुलाबी पट्टी बाजूला ठेवली आणि ते पान स्वतःच्या फोनवर टिपून घेतलं. घरी आल्यावर आत्यानं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'गुलाबी बंद'.