निचऱ्याची वाट

गेल्या वैशाखात, म्हैसुरात वळवाच्या सरी सुरू होऊन चार दिवस झाले असताना, देवराज मोहल्ल्यातील आमच्या घरापुढे करंजाखाली दोन महिने उभ्या असलेल्या माझ्या भाच्याच्या मोटारीत चालकाच्या पायांखालचा गालिचा असा भिजलेला आढळला की, तो पिळला असता तर बादली भरली असती. गाडीचे दरवाजे बंद होते, खिडक्यांच्या काचा वर होत्या, आणि छतातली सरकती काच, जिला आता सगळेच सनरूफ म्हणतात, तीही घट्ट मिटलेली होती. "मामा, ही काचच नीट बसत नसणार," असे भाचा म्हणाला, आणि मलाही त्या वेळी दुसरे काही सुचले नाही; कारण पाणी आत आले त्या अर्थी ते येण्याच्या वाटेत दोष असला पाहिजे, आणि वाटेत दोष असेल तर ती वाट बुजवली पाहिजे, हे अनुमान इतके सरळ आहे की त्याची छाननी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. एका गॅरेजात गाडी नेली. तेथे काचेच्या चारी कडांना सिलिकॉनचा लेप लावून मिळाला. आणि त्याच आठवड्यातल्या पुढच्या सरीत पाणी पूर्वीपेक्षा अधिक आले. या खेपेस ते छताच्या अस्तरातूनही ठिबकू लागले.

मग मंडी मोहल्ल्यातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काचेकडे पाहिलेसुद्धा नाही, पुढच्या चाकाशी गुडघे टेकून ते आत बोटांनी काही चाचपू लागले आणि मान वर न करताच म्हणाले, "पानी तो आताइच, साब. जाने का रस्ता बंद हो गया." दखनीतला हा अवधारणाचा 'च' मराठीने तिला दिलेला आहे, असे भाषेचे अभ्यासक सांगतात, आपल्या मुलखापासून इतक्या दूर, कन्नड नगरीतल्या एका मुसलमान कारागिराच्या तोंडी तो ऐकला की घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

मिस्त्रींच्या त्या दोन वाक्यांत या रचनेची सगळी हकीकत आली. काचेभोवती रबराची कड असते. ती पावसाचा बहुतेक भाग अडवते, परंतु सर्व पाणी तिने अडवावे अशी रचनाकाराची अपेक्षाच नसते. कडेखाली, चौकटीला धरून, एक पन्हळ असते. कडेतून झिरपलेले पाणी तीत उतरते, आणि तिच्या कोपऱ्यांतून बोरूएवढ्या चार नळ्या निघून, दोन समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून व दोन मागल्या खांबांतून, अस्तराच्या आडून खाली जातात आणि चाकांच्या किंवा दारांच्या आसपास जमिनीवर रित्या होतात. म्हणजे ज्या गाडीला आपण कोरडी म्हणतो तीतही प्रत्येक मोठ्या पावसात थोडे पाणी छतातून आत येतच असते; ते आले आणि गेले, हे आपल्याला कळत नाही एवढेच. म्हैसुरात पावसाळ्यापूर्वीचे कित्येक महिने कोरडे जातात, त्या काळात करंजाची फुले, सोनमोहराची बारीक पाने आणि रस्त्याची धूळ यांचा बोळा नळीत बसतो. मग वैशाखात वीज कडाडून सर येते, पन्हळ काठोकाठ भरते, ओसंडते आणि खांबाच्या आतल्या अंगाने उतरून पायांशी डबके करते. जेथे पाणी दिसते तेथे ते शिरलेले नसते. आणि जेथे शिरते तेथे दोष नसतो. गॅरेजातल्या लेपाने तर एक अधिक अनर्थ केला होता. त्याचा ओघळ पुढच्या डाव्या कोपऱ्यात उतरून नळीच्या तोंडावरच घट्ट झाला होता.

तो ओघळ मिस्त्रींनी नखाने हलकेच सोलून काढला. नंतर नायलॉनची जाड दोरी नळीत थोडी आत, थोडी बाहेर अशी सरकवीत त्यांनी खालवर नेली. तार घालू नये, ती नळीला भोक पाडते. जोराची हवा मारू नये, त्याने नळी सांध्यातून निसटते आणि मग सबंध अस्तर उतरवल्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे सारे ते मला शिष्याला सांगावे तसे सांगत होते. खालच्या टोकाला चिखल जाऊ नये म्हणून रबराचे चिमटलेले तोंड असते, तेही त्यांनी चोळून मोकळे केले. शेवटी एक फुलपात्र मागून घेऊन त्यातले पाणी कोपऱ्यात धारेने सोडले. आधी काही आले नाही. मग काळे पाणी आले, त्यामागून कुजलेल्या पाकळ्या, मग गढूळ, आणि चौथ्या फुलपात्राला नितळ.

मनुष्याच्या अंतःकरणाविषयी आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके जो प्रश्न चालवला आहे तो, माझ्या मते, हाच आहे: मन कोरडे राखायचे ते त्याची दारे बंद करून, की त्याच्या निचऱ्याची वाट मोकळी ठेवून? जैन दर्शनाने तर त्यासाठी पाण्याचीच परिभाषा योजिली. कर्म आत्म्यात वाहत येते तो आस्रव, तो थोपवणे हा संवर, आणि आत साचलेले झडून जाणे ही निर्जरा; उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सात तत्त्वांपैकी ही तीन. उत्तराध्ययनसूत्रात तळ्याचा दृष्टांत आहे: पाणी येण्याच्या वाटा बंद कराव्या, मग उपसून आणि उन्हाने आटून तळे कोरडे होते. धम्मपदात नीट न शाकारलेल्या घरात पाऊस शिरावा तशी वासना अशिक्षित मनात शिरते असे सांगितले आहे, आणि गीतेतला स्थितप्रज्ञ कासवासारखी आपली इंद्रिये आवरून घेतो. या तिन्ही दृष्टांतांचा प्रथम परिणाम वाचकाच्या मनावर असा होतो की, सारी साधना म्हणजे कड घट्ट करणे.

संवराचे महत्त्व कमी लेखावे असा माझा हेतू नाही. रबराची कडच फाटलेली असेल तर चार काय, चाळीस नळ्याही पुरणार नाहीत. आणि जो मनुष्य काय पाहावे, काय ऐकावे, कोणाच्या संगतीत बसावे याचा काहीच बंदोबस्त करीत नाही, त्याला प्रायश्चित्त किती काळ तारणार? परंतु जो संसारात आहे, ज्याला कचेरीत, बाजारात आणि आप्तेष्टांत वावरावयाचे आहे, त्याच्या नऊ द्वारांच्या या पुरात काहीतरी येणारच. अपमान येतो, हेवा येतो, दुसऱ्याच्या ताटाकडे गेलेली दृष्टी येते. तेव्हा केवळ कड घट्ट करण्यावर भर देणारी माणसे ज्या सूत्रांचा आधार घेतात ती सूत्रे पुढे काय सांगतात, हे पाहणे अगत्याचे होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात संवराची साधने मोजल्यानंतर लगेच म्हटले आहे की, तपाने संवर होतो आणि निर्जराही होते. पुढे आभ्यंतर तपांत पहिले स्थान प्रायश्चित्ताला दिले आहे, आणि प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला. आलोचना म्हणजे जे घडले ते गुरूपुढे उघड करून सांगणे. म्हणजे, अंतरंगातील तपश्चर्येचा आरंभच आत आलेल्याला बाहेरची वाट दाखवण्यापासून होतो. उपवासाची आणि व्रतांची कीर्ती लोकांत फार. या आलोचनेची तेवढी नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

येथून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर श्रवणबेळगोळ आहे. मराठी मनुष्य तेथे जातो तो बहुधा गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला, मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जाणारा लेख पाहण्यासाठी. मीही तरुणपणी त्याच ओढीने गेलो, लेखाची अक्षरे लावीत बसलो, आणि मान वर करून पाहिलेली एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात घेतली नाही. त्या सुमारे ५७ फुटांच्या मूर्तीवर छप्पर नाही. हजाराहून अधिक पावसाळे तिच्या मस्तकावर पडले. बारा वर्षांनी येणाऱ्या महामस्तकाभिषेकात, जसे २०१८ साली, दूध, हळद, चंदन यांचे लोट तिच्यावरून वाहिले. आणि ते सारे पायांखालून निघून गेले.

आपल्या शिवालयांत तर या जाण्याच्या वाटेला पूज्यत्वच दिले आहे. पिंडीवर अखंड धार धरायची, तर ती कोठे जाईल याची तजवीज आधी करावी लागते. म्हणून शाळुंकेला उत्तराभिमुख पन्हळ असते, आणि गर्भगृहाच्या भिंतीतून बाहेर निघालेल्या प्रणालाला शिल्पी मकराचे किंवा गाईचे मुख देतो. प्रदक्षिणा घालणारा भक्त त्या प्रणालाशी थांबतो, ते न ओलांडता मागे वळतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तेथवर येतो. हीच सोमसूत्री प्रदक्षिणा. लहानपणी मी वडिलांना विचारले होते की, सांडलेल्या पाण्याला एवढा मान कशासाठी? त्यांनी तीर्थाचे पावित्र्य सांगितले, आणि ते खरेच आहे. पण आता मला असेही वाटते की, ज्याने ही चाल घातली त्याला देवालयाचे आयुष्य कशावर अवलंबून आहे हे पक्के ठाऊक असावे. संध्येतील मंत्राचमनही तसेच. सायंकाळच्या त्या मंत्रात दिवसभरात पाप घडले नाही, असा दावा नाही. मनाने, वाणीने, हातांनी, पायांनी, उदराने काय घडले असेल ते दिवसाबरोबर निघून जावो, अशी विनवणी आहे. ते घडले असणार हे गृहीत धरलेले आहे, आणि म्हणूनच संध्या रोज करायची असते.

आमच्या मोहल्ल्यातून बाजाराला जाण्याचा हमरस्ता बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा आहे. तो जेथे आहे तेथे पूर्वी नाला होता. १७९९ पासून १८११ पर्यंत संस्थानचा कारभार पाहणाऱ्या दिवाण पूर्णय्यांनी कावेरीचे पाणी म्हैसुरास आणण्यासाठी तो खणावयास घेतला; काम योजल्याप्रमाणे तडीस गेले नाही, आणि पाणी आणण्यासाठी काढलेल्या त्या चरात पुढे शहराची घाण साचत राहिली, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून वर रस्ता होईपर्यंत. देवराज मार्केटात फुले घेण्यासाठी त्या रस्त्याने मी चाळीस वर्षे जात आहे, पण पायांखाली काय होते याचा विचार गेल्या वैशाखात प्रथम केला.

आणि विचार सुरू झाला तो माझ्यापाशी येऊन थांबला. वडील गेल्यावर घराच्या वाटणीचा प्रश्न निघाला, दस्तऐवज झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि त्या बैठकीत माझे थोरले बंधू मला एक वाक्य बोलले. त्याला आता अकरा वर्षे होतील. मी उलट उत्तर दिले नाही. क्रोधाला आत येऊ दिले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि त्या दिवसापासून दादांच्या घरची वाट टाळली. तो होता माझा सिलिकॉनचा लेप. ते वाक्य त्या दिवशीच आत आले होते, आणि कडा घट्ट करण्याच्या भरात त्याच्या जाण्याची वाटही मीच बुजवली होती. आमटीत मीठ कमी पडले म्हणून पत्नीवर मी जो आवाज चढवला, भाच्याच्या एका निरुपद्रवी प्रश्नाला जे तोडून उत्तर दिले, ते पाणी त्या बैठकीतले होते, हे मला आता दिसते. ते पायांशी साचत होते आणि मी गालिचा वाळवीत होतो. दादांना लिहावयाच्या पत्राचा मसुदा तीनदा झाला आहे. त्यात त्यांच्या वाक्याची तक्रार आहे आणि माझ्या मौनाचा कबुलीजबाबही आहे. ते अजून टपालात पडलेले नाही.

दसरा होऊन गेल्यावर एका रात्री मोठा पाऊस झाला. भाचा परगावी होता. मी कंदिलासारखा जड असा जुना टॉर्च घेऊन छत्रीखाली गाडीभोवती फिरलो आणि एकेका चाकाशी वाकून पाहिले. पुढच्या दोन्ही बाजूंनी धार लागली होती, मागच्या उजव्या बाजूनेही. डाव्या मागच्या चाकाशी मात्र बराच वेळ उभा राहिलो, तरी थेंब दिसला नाही. दार उघडून त्या कोपऱ्याखाली एक पंचा अंथरला, अस्तरावर हात फिरवून पाहिला, ते अजून कोरडे होते. आणि सकाळी मिस्त्रींना निरोप धाडायचा असे ठरवून घरात आलो.